पनामा कालव्यातून छोट्या बोटीने

पनामा कालव्याची अर्धी सफर बहुधा गांबोआ गावाच्या धक्क्यावरून सुरू होते. चाग्रेस नदी इथेच कालव्याला मिळते. पुढे कुलेब्राची खिंड लागते. डोंगर कापून काढलेली ही वाट म्हणजे सगळ्या बांधकामातलं सर्वांत जीवघेणं काम. दरडी पुन्हा पुन्हा कोसळत, आणि खपणाऱ्यांत बार्बाडोससारख्या कॅरिबियन बेटांवरून आलेले मजूर फार मोठ्या संख्येने होते. कालवा १५ ऑगस्ट १९१४ रोजी खुला झाला.

खरी मौज लॉकमध्ये. सुमारे ३०५ मीटर लांब आणि ३३.५ मीटर रुंद अशा काँक्रीटच्या हौदात प्रवासी बोट शिरते आणि बऱ्याचदा तिच्या मागोमाग एखादं अवाढव्य मालवाहू जहाजही येतं. दारं मिटतात, पाणी हळूहळू उतरू लागतं आणि मघाशी हाताशी असलेली भिंत ओली, शेवाळलेली होत डोक्यावर चढत जाते. या सगळ्याला पंप लागतच नाही! समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंचावरच्या गातून तलावाचं पाणी केवळ उतारानेच वाहतं.

पेद्रो मिगेलच्या लॉकला उतरण्याची एक पायरी, मिराफ्लोरेसच्या लॉकला दोन. शेवटची दारं उघडली की समोर पॅसिफिकचं खारं पाणी.