पिंजऱ्यातला धातू आणि एमआरआयचे इंजेक्शन

एमआरआयच्या चिठ्ठीवर 'कॉन्ट्रास्टसह' असे लिहिले असेल, तर तपासणीच्या वेळी शिरेतून एक इंजेक्शन देतात. त्यात बहुतेक वेळा गॅडोलिनियम असते. 'दुर्मिळ मृदा' गटातला हा धातू. त्याच्या चुंबकीय गुणामुळे गाठ, सूज, रक्तवाहिन्या चित्रात उठून दिसतात.

पण मोकळे गॅडोलिनियम विषारी आहे. त्याचा आकार कॅल्शियमच्या आयनाशी मिळताजुळता असतो. त्यामुळे ते शरीरात कॅल्शियमच्या जागी शिरते आणि स्नायू-नसांचे काम बिघडवते. म्हणून औषधात त्याला दुसऱ्या रेणूच्या पकडीत धरून ठेवतात आणि मूत्रपिंड त्याला पकडीसकट लघवीवाटे बाहेर टाकते. मूत्रपिंड निकामी असेल तर औषध रेंगाळते आणि सैल पकडीतून धातू सुटू शकतो. काही रुग्णांची कातडी जाड, कडक झाली, सांधे आखडले. या आजाराचा गॅडोलिनियमशी संबंध २००६ मध्ये पुढे आला. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला.

मग धातू सुटणारच नाही अशी कोठडी करता येईल का? १९८५ मध्ये अमेरिकेच्या राइस विद्यापीठात क्रोटो, स्मॉली आणि कर्ल यांच्या गटाला साठ कार्बन अणूंचा, फुटबॉलसारखा पोकळ रेणू सापडला. काही दिवसांतच त्याच गटाला लॅन्थेनम हा दुर्मिळ मृदा धातू आत असलेल्या पिंजऱ्याचा पुरावा मिळाला. १९९६ मध्ये तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

हा पिंजरा कोणत्याही साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. मग धातू सापडला कसा? वजनावरून. मास स्पेक्ट्रोमीटर हा रेणूंचा काटा आहे. रेणूला विद्युतभार देतात, विजेच्या दाबाने निर्वात नळीत ढकलतात. हलका रेणू आधी पोचतो, जड मागून. पोचायला लागलेल्या वेळेवरून वजन निघते. कार्बनचे वजन १२, म्हणून साठ कार्बनचे ७२०. लॅन्थेनमचे १३९. काट्यावर ८५९ दिसले, म्हणजे दोन्ही एकत्र आहेत. ८२ कार्बनच्या पिंजऱ्यात गॅडोलिनियम असेल तर ९८४ आणि १५७ मिळून सुमारे ११४१. गॅडोलिनियमचे निसर्गात सात प्रकार, त्यांची वजने थोडी वेगळी. त्यामुळे एका रेघेऐवजी रेघांचा जुडगा दिसतो. ती त्या धातूची ओळखच.

पण मोंढ्यात पोत्याचे वजन केले, तरी दगड पोत्यात आहे की वर ठेवला आहे, हे काटा सांगत नाही. इथेही तोच प्रश्न होता. मग शास्त्रज्ञांनी रेणूवर लेसरचा मारा केला. धातू बाहेर चिकटलेला असता तर तोच आधी गळाला असता. तसे झाले नाही. कार्बनचे अणू दोन-दोन करून निघत गेले, पिंजरा आकसत गेला, धातू मात्र टिकून राहिला. पुढे १९९५ मध्ये क्ष-किरणांनी यिट्रियम हा धातू ८२ कार्बनच्या पिंजऱ्यात असल्याचे सिद्ध झाले.

असे तोडून वजन करण्याचे काम मुंबईतही झाले आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पेलेट्रॉन यंत्रातल्या वेगवान आयनांचा मारा साठ कार्बनच्या रिकाम्या पिंजऱ्यावर करून तुकडे असेच तोलले गेले. तिथेही ६०, ५८, ५६ अशी उतरंड दिसते.

जपानी शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये पाण्यात विरघळणारा गॅडोलिनियमचा पिंजरा तपासला. त्याचा परिणाम नेहमीच्या औषधापेक्षा सुमारे वीसपट होता. तरी तो दवाखान्यात आलेला नाही. तो शुद्ध आणि भरपूर बनवणे कठीण आहे, आणि शरीरात दीर्घकाळ त्याचे काय होते याचीही खात्री व्हावी लागते. तेव्हा 'पिंजऱ्याचे औषध' म्हणून कोणी काही विकायला आले तर घेऊ नका.

आज आपल्या हातात काय आहे? परभणीत, नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला कॉन्ट्रास्ट एमआरआयला जाताना हे करा:

– मूत्रपिंडाचा आजार, डायलिसिस, जुना मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आधीच सांगा.
– क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत न्या. त्यावरून काढलेला ईजीएफआर ३० पेक्षा कमी असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय इंजेक्शन घेऊ नका.
– गरोदर असाल तर सांगा. पूर्वी या इंजेक्शनची ॲलर्जी झाली असेल तर तेही सांगा.
– औषधाचे नाव आणि तारीख फाइलमध्ये लिहून घ्या.

घाबरून तपासणी टाळू नका. घट्ट, वर्तुळाकार पकडीच्या नव्या औषधांत हा धोका फारच कमी आहे, आणि वेळेवर दिसलेली गाठ जीव वाचवते. मात्र 'धातू कशात धरला आहे आणि माझी मूत्रपिंडे तो बाहेर टाकतील का?' हे विचारायला लाजू नका. तो रुग्णाचा हक्क आहे.