१९४० चं भाडं आणि घराचा ताबा

मुंबईतल्या घरमालक-भाडेकरूंच्या कज्ज्यांमागे एक तारीख आहे: १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी जागा भाड्यानं दिलेली असेल, तर तेव्हाचं भाडं हेच तिचं प्रमाण भाडं, असं १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं ठरवलं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्येही असा निर्बंध आला होता. १९४७ च्या आधी दुसरं महायुद्ध, मग फाळणी, शहरात माणसांचे लोंढे; त्या वेळी हे गरजेचंच होतं. तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं चालला, ही गोष्ट मात्र वेगळी.

जागा परत मागायला मालकाकडे मोजकी कारणं होती. भाडं सहा महिने थकणं, पोटभाडेकरू ठेवणं, न विचारता पक्कं बांधकाम, शेजाऱ्यांना उपद्रव, सबळ कारणाशिवाय सहा महिने जागा बंद ठेवणं, आणि मालकाची स्वतःची रास्त गरज. थकबाकी कोर्टात भरून भाडेकरूला बहुधा बचाव करता येई. मग सगळा भार रास्त गरजेवर. मुलाचं लग्न ठरलंय, कुटुंब वाढलंय, असं मालक सांगणार; ताबा दिल्यानं किंवा नाकारल्यानं जास्त हाल कोणाचे, हे कोर्ट तोलणार. माझ्या मते यातल्या कित्येक दाव्यांमागे खोलीची गरज कमी आणि गोठलेलं भाडं जास्त होतं. चाळीचं छप्पर शाकारायलाही ते पुरत नसे. भाडं वाढत नाही म्हटल्यावर ताबा हाच एक मार्ग उरे. धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात दावा, तिथल्याच दोन न्यायाधीशांपुढे अपील, मग हायकोर्ट. तोवर मूळ पक्षकार जाऊन वारसांची नावं लागलेली असत. दरम्यान पागडी, म्हणजे जागा देताना भाड्याव्यतिरिक्त घेतली जाणारी एकरकमी रक्कम, गुन्हा असूनही राजरोस चाले.

मालकांनी पळवाट काढली ती लिव्ह अँड लायसन्सची: भाडेकरू नाही, फक्त परवानगीनं राहणारा. १९७३ मध्ये सरकारनं ती बुजवली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचं लायसन्स चालू होतं, ते कायद्यानं भाडेकरू ठरले. महिन्याभरापूर्वी मुदत संपून बाहेर पडलेला बाहेरच राहिला. गरीब कोण, गरजू कोण, हे कायद्यानं विचारलंच नाही. विचारली ती तारीख. या धसक्यानं पुढे कित्येकांनी घर भाड्यानं देण्यापेक्षा कुलूप लावणं पसंत केलं.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी आता अवाजवी झाल्याचं स्पष्ट सांगितलं; पण कायद्याची मुदत संपत आली होती म्हणून त्या रद्द केल्या नाहीत. नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानं वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पागडीला मान्यता दिली आणि बँका, सार्वजनिक उपक्रम, एक कोटी किंवा त्याहून जास्त भांडवलाच्या कंपन्या यांचं संरक्षण काढून घेतलं. भाडं थकलं तर आधी नोटीस, मग ९० दिवस थांबल्यावरच दावा. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूनं १५ टक्के व्याजासह रक्कम भरली की घर वाचतं.

पण खरा फरक पडला तो लायसन्सवाल्यांच्या बाबतीत. मुदत संपूनही राहण्याची जागा सोडली नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. तिथे बचाव मांडायलाही आधी परवानगी लागते, आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई डोक्यावर बसते. अट एकच, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी नको, हा समज महाराष्ट्रात चालत नाही. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पाणी-वीज तोडून माणूस हुसकावणंही गुन्हाच.

आज एकाच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तीन पिढ्यांचा पागडीवाला असतो आणि तिसऱ्या मजल्यावर दरवर्षी करार बदलणारं जोडपं. पहिल्याला हलवायला आता मालक कोर्टापेक्षा पुनर्विकासाचा बिल्डर शोधतो.