संगणकाचा बाजार (भाग ७) : शिळा होणारा माल

मागच्या भागात आयबीएमचा पीसी १९८१ साली अमेरिकेत कम्प्युटरलँड आणि सिअर्सच्या दुकानांतून कसा विकला गेला, ते पाहिलं. पाठोपाठ ह्यूस्टनच्या कॉम्पॅकनेही सगळी विक्री विक्रेत्यांवरच सोपवली. त्या काळी ते योग्यच होतं. संगणक घेऊन करायचं काय, हेच ज्याला ठाऊक नव्हतं त्या गिऱ्हाइकाला समजावून सांगणारा माणूस समोर हवा होता.

१९८४ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात शिकणाऱ्या मायकल डेलने हजार डॉलरच्या भांडवलावर वेगळी वाट धरली. गिऱ्हाइकाकडून थेट मागणी घ्यायची, तिच्याबरहुकूम जुळणी करायची आणि मशिन घरपोच पाठवायचं. ‘मधला विक्रेता वगळला म्हणून स्वस्त पडलं’ असं त्याच्या यशाचं कारण नेहमी दिलं जातं. मला ते अपुरं वाटतं. विक्रेत्याच्या कमिशनपेक्षा मोठा खर्च माल पडून राहण्याचा होता.

कॉम्पॅकचा संगणक कारखान्यातून वितरकाकडे, तिथून दुकानात आणि मग गिऱ्हाइकाकडे जाई. यात आठवडेच्या आठवडे जात. तेवढ्यात इंटेलची नवी चिप येई, मेमरीचे भाव उतरत आणि फळीवरचा माल शिळा होई. भाव पाडला की विक्रेत्यांना फरकाची रक्कम कंपनीलाच भरून द्यावी लागे. १९९४-९५ च्या सुमारास डेलकडे साधारण ३२ दिवसांचा साठा असे, तर कॉम्पॅककडे दोन महिन्यांहून अधिक. २००० च्या आसपास डेलने तो पाच-सहा दिवसांवर आणला. सुटे भाग स्वस्त झाले की तो फायदा डेलच्या मशिनमध्ये लगेच उतरे. शिवाय गिऱ्हाइकाचे पैसे कार्डावरून आधी जमा होत आणि पुरवठादारांची बिलं नंतर चुकती होत. म्हणजे धंद्याचं खेळतं भांडवल गिऱ्हाईक आणि पुरवठादारच पुरवत होते.

इथे एक गोष्ट नजरेआड करू नये. साठा नाहीसा झालेला नव्हता. डेलच्या कारखान्याजवळच्या गोदामांत सुटे भाग भरलेले असत, फक्त ते पुरवठादारांच्या खात्यावर असत. डेलच्या कौतुकात त्या पुरवठादारांचा उल्लेख क्वचितच येतो, आणि तो यायला हवा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘असेम्बल्ड’ संगणक जुळवून देणाऱ्यांनाही हे गणित कळलं होतं. मागणी आली की शेजारच्या दुकानांतून सुटे भाग आणायचे. तयार मशिन भरून ठेवायचीच नाहीत.

नव्वदीच्या सुरुवातीला खुद्द डेलनेही दुकानांतून विक्री करून पाहिली. जानेवारी १९९४ ला संपलेल्या वर्षात कंपनीला पहिल्यांदाच वार्षिक तोटा झाला. त्याला फसलेले लॅपटॉपही कारण होते, पण १९९४ मध्येच तिने दुकानं सोडली. कॉम्पॅकला उलट दिशेने जाणं फार अवघड होतं. थेट विक्री सुरू केली तर दुखावलेले विक्रेते दुसऱ्या कंपनीचा माल पुढे करणार, ही भीती खरी होती.

मग घरचं गिऱ्हाईक लॅपटॉपकडे वळलं. डेस्कटॉप नुसती यादी वाचून मागवता येई. लॅपटॉपचं वजन, कीबोर्ड, पडदा हातात घेऊन पाहावंसं वाटे. दुकानांत हजर असलेल्या एचपीने २००६ मध्ये डेलला मागे टाकलं. जानेवारी २००७ मध्ये मायकल डेल पुन्हा प्रमुखपदी आले आणि त्याच वर्षी डेलचे संगणक वॉलमार्टमध्ये दिसू लागले. मोठ्या कंपन्या मात्र थेटच खरेदी करत राहिल्या, कारण काय हवं ते त्यांना नेमकं माहीत होतं.

गेटवे या कंपनीने मधली वाट काढली होती. दुकानात मशिन हाताळून पाहायचं, मागणी नोंदवायची आणि माल नंतर घरपोच. साठ्याचा खर्च नाही, हाताळण्याची सोय आहे. तरीही २००४ मध्ये तिने उरलेली १८८ दुकानं बंद केली. ती का चालली नाहीत, ते पुढच्या आठवड्यात पाहू.