दिसतंय का? ऐकू येतंय का?

आम्ही सात जण. एका शाळेतले, एका वर्गातले, आता पन्नाशी ओलांडलेले. तिघं पुण्यात, एक ठाण्याला, एक देवरुखला, एक जण न्यू जर्सीत आणि एक अलीकडेच दुबईला गेलेला. रविवारी रात्री आठला स्काइपवर जमायचं, हा नेम बरीच वर्षं चालला. ५ मे २०२५ला स्काइपच बंद झालं. २००३ साली सुरू झालेलं, मायक्रोसॉफ्टने २०११मध्ये साडेआठ अब्ज डॉलर मोजून घेतलेलं ॲप. आता पुढे कुठे जमायचं यावर आमच्या ग्रुपवर जी चर्चा झाली, ती युतीच्या जागावाटपासारखी लांबली. प्रत्येकाचं मत ठाम होतं आणि निम्मं चुकीचं होतं. माझंही.

"सगळ्यांकडे व्हॉट्सॲप आहे की! विषय संपला."

हे मत माझं. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल नोव्हेंबर २०१६मध्ये आले, आता एका कॉलमध्ये बत्तीस जण बसतात आणि वेळेची मर्यादा नाही. सातही जण महाराष्ट्रात असते तर खरोखरच विषय इथे संपला असता.

पण संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे निरोप जातात, फोटो जातात, कॉल मात्र लागत नाही. इंटरनेटवरून बोलायला तिथे सरकारी परवानगी असलेलंच ॲप लागतं. फेसटाइमचीही तीच गत. आणि २०१७च्या अखेरीपासून स्काइपचीही तीच होती. दुबईला गेल्यापासून हा गडी रविवारी दिसेनासा झाला, तेव्हा "दिरहम आले आणि माणूस बदलला" असं आम्ही सर्रास म्हणत होतो. त्याच्याकडे कॉल लागतच नव्हता, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. तोही बिचारा सांगायला संकोचला असावा.

मग पुण्यातल्या एकाने सुचवलं, व्हीपीएन टाक, म्हणजे कुठून बोलतोयस ते लपेल. हा सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही. गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी व्हीपीएन वापरलं, तर अमिरातीच्या कायद्यात दंड पाच लाख दिरहमपासून सुरू होतो. गप्पांसाठी एवढी जोखीम कोण घेईल? त्यापेक्षा सरळ मार्ग आहे. तिथली मंडळी बोटिमसारखं परवानगी असलेलं ॲप वापरतात. २०२०मध्ये घरून काम आणि घरून शाळा सुरू झाली तेव्हा झूम, टीम्स, गूगल मीट यांनाही तिथे वाट मोकळी झाली. मित्र चीनमध्ये असेल तर आणखी पंचाईत: तिथे व्हॉट्सॲप चालत नाही, आणि तिथे चालणारं वुईचॅट भारताने जून २०२०मध्ये बंद केलेल्या ५९ ॲपच्या यादीत होतं.

ही अडचण तशी जुनीच. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने १९६४च्या न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात चित्र दिसणारा फोन मांडला होता. १९७०मध्ये पिट्सबर्गमध्ये त्याची सेवा सुरू झाली, महिन्याचं भाडं १६० डॉलर. लोकांनी कौतुक केलं, घेतला फार थोड्यांनी. भाडं जबर होतं हे एक कारण, पण दुसरं मला जास्त पटतं: घेतला तरी समोर तसाच फोन असलेलं माणूस कुठून आणायचं? ॲपचंही तेच आहे. त्याची किंमत त्याच्या गुणांवर ठरत नाही, आपल्यातल्या सगळ्यात अडचणीतल्या माणसाकडे ते चालतं का यावर ठरते.

"फुकट आहे, कितीही वेळ बोला."

फुकट झूमवर चाळीस मिनिटं झाली की बैठक संपते. गूगल मीटवर तिघं किंवा जास्त असतील तर साठ मिनिटं, दोघंच असाल तर चोवीस तास. व्हॉट्सॲप, फेसटाइम, सिग्नल यांना अशी घड्याळाची कात्री नाही. चाळीस मिनिटांनी तुटलं तर पुन्हा जोडता येतं, पण आमचा अनुभव असा की तुटल्यावर सातातले चारच परत येतात.

"माझं नेट शंभर एमबीपीएसचं आहे, अडकणार कसं?"

हे आमच्यातल्या इंजिनिअरचं. तो दर रविवारी स्पीड टेस्टचा फोटो टाकायचा आणि दर रविवारी तोच गोठायचा, तोंड उघडं, एक डोळा मिटलेला.

व्हिडिओ कॉलला वेग फार लागतच नाही. दोघांच्या कॉलला चांगल्या चित्रासाठी झूम ६०० केबीपीएस पुरेसे मानतं, म्हणजे याच्या शंभरातला एक हिस्साही नाही. लागतो तो सलगपणा. व्हॉट्सॲपचा निरोप वाटेत हरवला तर फोन तो पुन्हा मागवून घेतो. दोन सेकंद उशिरा आला तरी आपलं बिघडत नाही. कॉलमध्ये चित्राचा आणि आवाजाचा जो तुकडा वेळेवर आला नाही तो गेलाच. "अरे" दोन सेकंद उशिरा ऐकवून उपयोग काय? त्यामुळे फोन तो सोडून पुढचा घेतो, आणि असे बरेच तुकडे गळले की चेहरा चौकटी चौकटींचा होतो. इंजिनिअरचा राउटर दिवाणखान्यात टीव्हीच्या मागे आणि हा दोन भिंती पलीकडे बेडरूममध्ये. वाय-फायची पट्टी एक. राउटरजवळ येऊन बसला, प्रश्न मिटला. त्याने अजून मान्य केलेलं नाही.

दुसरं म्हणजे स्पीड टेस्टमधला मोठा आकडा खाली उतरण्याचा असतो. आपला चेहरा वर चढतो. सगळे तुम्हाला "तू अडकतोयस" म्हणत असतील आणि तुम्हाला सगळे नीट दिसत असतील, तर अपलोडचा आकडा बघा.

न्यू जर्सीवाली आणि आम्ही एकमेकांच्या बोलण्यावर बोलायचो, ते मात्र कुणाच्याच नेटचं पाप नव्हतं. मुंबई ते न्यू यॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसतं पोचायलाच साठेक मिलिसेकंद. केबल सरळ जात नाही, त्यात फोन चित्र आवळतो, पलीकडचा उलगडतो, त्याचा वेळ वेगळा. एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत पोचलं तर संभाषणात सहसा अडचण येत नाही, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मार्गदर्शन आहे. त्यापुढे गेलं की दोघं एकदम बोलतात आणि दोघं एकदम थांबतात. ॲप बदलून समुद्र आटत नाही. आम्ही आता बोलून झालं की "बोल" म्हणतो, वायरलेसवरच्या पोलिसांसारखं.

"व्हिडिओ कॉल म्हणजे रोजचा डेटा फस्त."

देवरुखवाल्याची ही भीती अर्धी खरी. चित्र एक एमबीपीएसने जात असेल तर तासाला ४५० एमबी. जाणं आणि येणं धरून ९००. रोज दीड जीबीचा रिचार्ज असेल तर निम्म्याहून जास्त गेला. पण सहाशे केबीपीएसने हाच हिशेब ५४० एमबीवर येतो. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्जमधल्या स्टोरेज अँड डेटा या भागात 'यूज लेस डेटा फॉर कॉल्स' असं एक बटण आहे. ते चालू केलं की चित्र थोडं मळकट होतं, डेटा वाचतो. आणि पावसाळ्यात टॉवर डळमळला की सरळ कॅमेरा बंद करायचा: आवाजाला शंभर किलोबिटही लागत नाहीत. देवरुखवाल्याचा चेहरा आम्ही तसाही चाळीस वर्षं बघतोय.

सात जणांच्या कॉलमध्ये सातपट डेटा जातो, हाही समज चुकीचा. दोघांचा कॉल बहुधा फोनवरून थेट फोनवर जातो. जास्त माणसं झाली की मध्ये कंपनीचा सर्व्हर येतो. तुमचं चित्र त्याच्याकडे एकदाच जातं, पुढे वाटप तो करतो, आणि लहान चौकटीतली माणसं लहान करूनच पाठवतो. त्यामुळे येणारा डेटा वाढतो, पण सातपट नाही. जुना फोन मात्र सहा चित्रं एकदम उलगडताना तापतो.

"एन्क्रिप्टेड आहे म्हणजे सुरक्षित आहे."

इथे जरा थांबायला हवं, कारण हा शब्द आता जाहिरातीत 'शुद्ध तुपातला' सारखा वापरतात.

एंड-टू-एंड म्हणजे कुलपाची किल्ली फक्त बोलणाऱ्यांच्या फोनमध्ये. मधल्या कंपनीकडेही नाही. सिग्नल सुरुवातीपासून तसं आहे, व्हॉट्सॲप एप्रिल २०१६पासून. लिंक काढून भरवलेल्या गूगल मीटच्या बैठकीत वाटेत कुलूप असतं, पण किल्ली गूगलकडेही असते. झूमने आपण एंड-टू-एंड असल्याचं सांगितलं होतं आणि तसं नव्हतं. यावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याला धरलं आणि नोव्हेंबर २०२०मध्ये तडजोड झाली. आता झूममध्ये ती सोय आहे, पण ती आपण चालू करायची असते.

आमच्या गप्पांत गुडघे, मुलांची लग्नं आणि वर्गशिक्षकांच्या नकला असतात. त्या गूगलने ऐकल्या तरी त्याचीच करमणूक होईल. खरा धोका वाटेत नाही, टोकाला आहे. पोलिसाचा गणवेश घालून, मागे सरकारी बोधचिन्ह लावून 'डिजिटल अरेस्ट' करणारा ठग व्हॉट्सॲपवर येतो, तेव्हा त्याचाही कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेडच असतो. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट भारतातल्या कुठल्याच कायद्यात नाही. असा कॉल आला तर कापा आणि सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन १९३० लावा. कॉलवर 'स्क्रीन शेअर करा' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला तुमचे ओटीपी आयते दिसतात. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये अनोळखी नंबरची रिंग बंद करण्याची सोय आहे, ती आई-वडिलांच्या फोनवर आजच चालू करा.

"फेसटाइम फक्त आयफोनवाल्यांचं."

२०२१पर्यंत खरं होतं. आता आयफोनवाला लिंक काढू शकतो, अँड्रॉइडवाले ती ब्राउझरमध्ये उघडून, नाव टाकून आत येतात. फक्त कॉल सुरू करायला ॲपलचंच यंत्र लागतं. ठाणेकराला हे कळल्यावर तो दोन दिवस हवेत होता, मग त्याला दुबईची आठवण करून दिली.

"आवाज घुमतोय, माझा फोन बिघडला."

तुम्हाला तुमचाच आवाज परत ऐकू येत असेल तर तुमचा फोन बहुधा ठणठणीत आहे. दोष पलीकडे आहे: तिथल्या स्पीकरमधून निघालेला तुमचा आवाज तिथल्याच माइकमध्ये शिरून परत येतोय. ज्याच्यामुळे घुमतं त्याला ते ऐकूच येत नाही, म्हणून तो बिनधास्त असतो. एकेकाला म्यूट करत जा. ज्याला म्यूट केल्यावर घुमणं थांबेल त्याला इअरफोन लावायला सांगा. आमच्याकडे तो मीच निघालो.

"साधं ॲप म्हणजे कमी बटणांचं ॲप."

देवरुखवाल्याचा फोन पाच वर्षांचा. नवं ॲप टाकायला गेलो तर जागा नाही. मेमरी सुप्रभातच्या फुलांनी गच्च. अर्धा तास फोनवरून "आता वरची तीन टिंबं दाब" असं चाललं, आणि शेवटी तो म्हणाला, "अरे, मी बोलायला बसलोय का परीक्षेला?" मग कळलं की गूगल मीट त्याच्या फोनमध्ये आधीच होतं. त्याने दुर्लक्ष केलेल्या चिन्हांमध्ये पडून होतं, आणि गूगलचं खातंही होतंच. साधं ॲप म्हणजे नवा पासवर्ड न मागणारं, लिंकवर बोट टेकलं की उघडणारं. संगणकावर तर मीटला ॲपही लागत नाही, ब्राउझर पुरतो.

तेव्हा ठरलं ते असं. रविवारी सातही जण मीटवर, एकच कायमची लिंक, ग्रुपच्या माहितीत चिकटवलेली. एरवी दोघांना बोलायचं असेल तर व्हॉट्सॲप, दुबईकराशी बोटिम. पंचावन्नाव्या मिनिटाला मीट सूचना देतं तेव्हा निरोपाला सुरुवात होते. आणि सगळ्यांचे फोन नंबर एका कागदावर लिहून ठेवलेत. गूगलचंच ड्युओ २०१६मध्ये आलं आणि २०२२मध्ये मीटमध्ये विरलं. मीटही जन्माचा सोबती असेल असं समजून चालू नये.

तुमचा असा ग्रुप असेल आणि कुणी अमेरिकेत असेल, तर एक काम कॅलेंडरवर नोंदवून ठेवा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. आपले रात्रीचे आठ न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा असतात, त्या दिवसापासून साडेनऊ होतात. लिंक पाठवताना दोन्हीकडची वेळ लिहा.