डायलिसिस सेंटरवर की घरी? वेळ आहे तोवर विचारा

आजचा भाग एका श्रोत्याच्या मेसेजवरून. तो लिहितो, "बाबांची किडनी १४ टक्क्यांवर आलीय. डॉक्टर म्हणाले, कुठलं डायलिसिस करायचं ते घरी बोलून ठरवा. आम्हाला तर एकच प्रकार माहीत होता."

त्याला एकटं वाटायचं कारण नाही. भारतात डायलिसिसवरची बहुतेक माणसं हिमोडायलिसिसवर आहेत, म्हणजे सेंटरवरच्या मशीनवर. पण त्यांतल्या कितीतरी जणांनी ते निवडलेलं नसतं. रात्री दम लागतो, कॅज्युअल्टीत नेतात, मानेत कॅथेटर घालतात आणि डायलिसिस सुरू होतं. जीव वाचतो, ते महत्त्वाचंच. पण निवड करायची वेळ मात्र निघून गेलेली असते.

म्हणून आधी आकडा बघा. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिनच्या शेजारी 'ईजीएफआर' असतो. किडनी साधारण किती काम करतेय, याचा तो अंदाज. तो २० च्या खाली सरकायला लागला की नेफ्रॉलॉजिस्टना स्वतःहून विचारायचं, "पुढची तयारी काय?" लगेच डायलिसिस करा असं मी म्हणत नाहीये. काही जणांचा आकडा बराच काळ तिथेच थांबतो. पण तयारीला वेळ लागतो.

आता दोन्ही प्रकार.

हिमोमध्ये रक्त बाहेर काढून, मशीनमधून गाळून परत शरीरात सोडतात. साधारणपणे आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी ४ तास. एका बैठकीला शुद्ध केलेलं सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी लागतं. त्यामुळे आपल्याकडे हे घरी करणं सोपं नाही. यासाठी हातातली शीर आणि धमनी जोडून फिस्टुला करतात. तो वापरण्याजोगा व्हायला दीड ते तीन महिने लागतात. ही झाली तयारी! तो वेळेत केलेला असेल तर मानेतला कॅथेटर बहुतेक वेळा टळतो, आणि त्या कॅथेटरमधून होणारं इन्फेक्शनही.

दुसरा प्रकार पेरिटोनियल, म्हणजे पोटाचं डायलिसिस. आपल्या पोटाच्या आत एक पातळ पडदा असतो, तोच गाळणीचं काम करतो. पोटावर छोट्या ऑपरेशनने एक मऊ नळी बसवतात. तिच्यातून साधारण २ लिटर औषधी पाणी आत सोडायचं, चार-सहा तास ठेवायचं, मग ते काढून नवीन भरायचं. एका वेळेला अर्धा-पाऊण तास, दिवसातून ३ किंवा ४ वेळा. यात सुई नाही, मशीन नाही, वीज नाही. पिशवी वर टांगायची, पाणी आपल्या वजनानेच उतरतं. रात्री झोपेत हे करणारं मशीनही मिळतं, पण मग विजेचा प्रश्न आला.

ऐकायला मस्त वाटतं ना? थांबा. हे रोज करायचं असतं. दिवाळीला सुट्टी नाही. दिवसाला ३ पिशव्या धरल्या तर महिन्याला ९० होतात. ती खोकी ठेवायची कुठे? दोन खोल्यांच्या घरात हा खरा प्रश्न आहे. शिवाय हात नीट न धुता नळी जोडली तर पोटात इन्फेक्शन होऊ शकतं. बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं, पोट दुखायला लागलं, ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल. पाण्यात साखर असते, म्हणून डायबेटिस असेल तर शुगरवर लक्ष ठेवावं लागतं. पोटाची मोठी ऑपरेशनं झाली असतील किंवा हर्निया असेल तर हा मार्ग जमेलच असं नाही.

खाण्यापिण्यातही फरक पडतो. हिमोमध्ये दोन बैठकींच्या मध्ये पाणी मोजून प्यायचं, आणि नारळपाणी, केळी, टोमॅटो यांवर कडक बंधन. पोटाच्या डायलिसिसमध्ये हे बहुधा थोडं सैल असतं, पण प्रोटीन बाहेर जातं, म्हणून ते जास्त खावं लागतं.

"मग चांगलं कुठलं?" आयुष्य किती, या हिशोबात दोन्हींत फार मोठा फरक नाही. माझ्या मते फरक घरात आहे. सेंटर ६० किलोमीटरवर असेल तर आठवड्यातले तीन दिवस एसटीत आणि खाटेवर जातात, सोबत येणाऱ्याचा रोजगार बुडतो तो वेगळाच. नोकरी करणाऱ्याला घरचं डायलिसिस सोयीचं पडू शकतं. उलट घरात कुणीच नसेल, नजर अधू असेल, हात थरथरत असतील, तर नर्सच्या हातात असलेलं बरं. काही जणांना घरात आजार दिसायलाच नको असतो. हेही कारण खरंच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पैशांचं बघू. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हिमोडायलिसिस बसतं. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांना ते मोफत मिळतं. त्याच कार्यक्रमात पुढे पोटाच्या डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना आल्या. पण पिशव्या तुमच्या जिल्ह्यात, तुमच्या योजनेत मिळतात का, हे आरोग्यमित्रांना आधीच विचारा. नळी बसवल्यावर नको.

आणि एक. निर्णय व्हायचा असला तरी आजपासून एक काम करता येतं. रक्त काढायचं किंवा सलाईन लावायचं असेल तर नर्सला सांगायचं, "तळहाताच्या मागच्या बाजूने घ्या, वरच्या शिरा राखायच्यात." फिस्टुलाला त्याच शिरा लागतात. फिस्टुला झाला की त्या हाताला बीपीचा पट्टाही बांधू द्यायचा नाही.

निवड कायमची नसते. पोटाचं सुरू करून काही वर्षांनी हिमोवर जाणारे आहेत, उलटं करणारेही आहेत. ट्रान्सप्लांटची दारं दोन्हीकडून उघडी राहतात. त्याचं सगळं पुढच्या भागात. भेटूच.