नदी हाच रस्ता : सायबेरियातल्या एका गावाची बेगमी

आमच्या गटाच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला, वह्यांवर सह्या झाल्या, की आम्ही थोडा वेळ एखाद्या लांबच्या गावाची ओळख करून घेतो. कधी पुस्तकातून, कधी चित्रपटातून. या वेळी आम्ही रशियातल्या सायबेरियाचा एक चित्रपट पाहिला. नाव ‘हॅपी पीपल : अ इयर इन द तैगा’. तैगा म्हणजे तिकडचं सूचिपर्णी झाडांचं अफाट जंगल. दिमित्री वास्युकोव्ह यांनी येनिसे नदीकाठच्या बाख्ता गावात वर्षभराचे चारही ऋतू चित्रित केले. त्या लांबलचक चित्रणातून वेर्नर हर्झॉग या जर्मन दिग्दर्शकाने २०१० साली दीड तासाचा चित्रपट केला. हर्झॉग स्वतः चित्रीकरणाला बाख्तात गेलेच नव्हते. आम्हीही गेलेलो नाही. चित्रपट पाहून आणि नंतर बरंच वाचून हे सांगतो आहोत.

चित्रपटात शिकारी आहेत, त्यांचे कुत्रे आहेत, बर्फ आहे. पाहून झाल्यावर आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, “ताई, पिक्चर चांगला हाय. पन बाप्ये जंगलात गेल्यावर घरची चूल कोन पेटवतं? बाया कुठं हायत?” खरंच, त्या दीड तासात बायका फार थोड्या वेळ दिसतात. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं म्हणून आपण आज मनाने त्या गावाला पाहुण्या म्हणून जाऊ.

आधी वाट समजून घेऊ. मॉस्कोहून रेल्वेत बसायचं. सुमारे चार हजार शंभर किलोमीटर, दोन-अडीच दिवसांचा प्रवास. मग क्रास्नोयार्स्क हे मोठं शहर येतं. तिथे येनिसे नदी भेटते. आपली गोदावरी सुमारे दीड हजार किलोमीटर लांब. येनिसे मुख्य प्रवाहाने मोजली तरी साडेतीन हजारांच्या आसपास भरते. ती दक्षिणेकडून उत्तरेला वाहत जाऊन थेट आर्क्टिक महासागराला मिळते. क्रास्नोयार्स्कहून उन्हाळ्यात प्रवासी जहाज उत्तरेला जातं. काही अंतर काठाने रस्ता सोबत करतो, मग तो संपतो. पुढे दोन्ही बाजूंना फक्त जंगल. असं हजारेक किलोमीटर गेलं की बाख्ता येतं. वस्ती तीनशेच्या आसपास, असं चित्रपटात सांगितलं आहे.

अशा छोट्या गावांना धक्का नसतो. जहाज नदीच्या मधोमध थांबतं. गावातून मोटारबोटी येऊन जहाजाच्या कडेला लागतात. उतरणारी माणसं, पोती, खोकी, टपाल सगळं बोटीत उतरवून घ्यायचं. कोणाची लेक शहरातून शिकून आलेली असते, कोणाचं वॉशिंग मशिन आलेलं असतं. जहाज येणार त्या दिवशी गावातले लोक काठावर जमतात. निवडणुकीच्या आधी पुढारीसुद्धा बोटीनेच येतात. चित्रपटात एक उमेदवार गाणाऱ्या मंडळींना घेऊन येतो आणि गावकरी त्याच्याकडे फारसं लक्ष देत नाहीत. हे पाहून आमच्या बैठकीत मोठा हशा झाला.

आता या नदीचं वर्ष समजून घेऊ, कारण गावाचं सगळं वेळापत्रक नदी ठरवते. जून ते सप्टेंबर पाणी मोकळं असतं, तेव्हा बोटी चालतात. हिवाळ्यात नदी जाड बर्फाने गोठते. थंडी उणे चाळीसच्या खाली जाते, कधी त्याहूनही जास्त. तेव्हा त्याच नदीवरून स्नोमोबाइल धावतात, म्हणजे बर्फावरून घसरत जाणाऱ्या मोटारसायकली. बर्फ पुरेसा जाड झाला की त्यावरून ट्रकसुद्धा जातात. अशा हिवाळी रस्त्याला रशियन भाषेत ‘झिम्निक’ म्हणतात.

खरी अडचण मधल्या दिवसांची. शरद ऋतूत नदी गोठू लागते, तेव्हा बर्फ पातळ असतो. बोट चालत नाही आणि गाडीचं वजन पेलत नाही. मे महिन्याच्या सुमारास बर्फ फुटतो, तेव्हाही तेच. वर्षातून दोनदा असे काही आठवडे येतात की गावाला फक्त हेलिकॉप्टरचा आधार, आणि तेही हवामान चांगलं असेल तर.

बर्फ फुटण्यात आणखी एक धोका आहे. नदी दक्षिणेकडून उत्तरेला वाहते. उन्हाळा आधी दक्षिणेला येतो, म्हणून वरच्या अंगाचा बर्फ आधी सुटतो. खालच्या अंगाला नदी अजून गोठलेली असते. वरून आलेले घराएवढे बर्फाचे तुकडे तिथे अडकतात, बांध तयार होतो आणि मागे पाणी चढतं. शेजारच्या लेना नदीवर मे २००१ मध्ये असंच झालं. लेन्स्क हे गाव जवळजवळ उद्ध्वस्त झालं. बर्फाचा बांध फोडायला विमानांतून बॉम्ब टाकावे लागले.

असं गाव टिकतं ते बेगमीवर. डिझेल, पीठ, साखर, औषधं असा मोठा माल उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांत नदीवाटे उत्तरेकडच्या गावांना पोहोचवला जातो. तिकडे याला ‘उत्तरेचा पुरवठा’ असंच नाव आहे, आणि त्यासाठी रशियाने २०२३ साली वेगळा कायदा केला. पण सरकारी माल घराच्या दारापर्यंतच येतो. दाराच्या आतली बेगमी घरालाच करावी लागते. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर इथे सापडायला लागतं.

घर असतं लाकडी ओंडक्यांचं. ओंडक्यांच्या फटीत शेवाळ ठासून भरतात, म्हणजे वारा आत येत नाही. घराच्या मधोमध विटांची मोठी भट्टी. ती चूलही असते आणि घर ऊबदार ठेवण्याचं साधनही. जुन्या घरांत म्हातारी माणसं आणि मुलं तिच्यावरच्या सपाट जागेवर झोपत. जमिनीत एक झडप असते. ती उचलली की खाली तळघर, आणि तिथे बटाटे. आपण धान्य ओलीपासून आणि उंदरांपासून जपतो. तिथे बटाटा गोठण्यापासून जपायचा असतो. घराखालची माती थंड असते पण गोठत नाही, म्हणून बटाटा तिथे वसंतापर्यंत टिकतो.

हा बटाटा जूनच्या सुमारास लावतात आणि सप्टेंबरमध्ये काढतात. मोकळ्या जमिनीला एवढाच वेळ मिळतो. टोमॅटो आणि काकडीची रोपं त्याच्या कितीतरी आधी, बाहेर बर्फ असतानाच, खिडकीतल्या डब्यांत तयार केली जातात. मग ती काचेच्या किंवा प्लास्टिकच्या आडोशात लावतात. उन्हाळा छोटा असला तरी त्या दिवसांत जवळजवळ रात्र होतच नाही, उजेड भरपूर मिळतो, म्हणून पीक झपाट्याने वाढतं. त्याच दिवसांत डासांचे आणि बारीक चिलटांचे थवे येतात. चित्रपटात लोक बर्च झाडाच्या सालीपासून काढलेलं काळं तेल त्यांच्यापासून वाचायला अंगाला लावताना दिसतात.

मग जंगलातली फळं. त्यातलं ‘ब्रुस्निका’ आमच्या गटाला फार आवडलं. वाटाण्याएवढं लाल, आंबट फळ. ते नुसतं पाण्यात बुडवून ठेवलं तरी महिनोन्‌महिने टिकतं. का? त्यात निसर्गतःच बेन्झोइक आम्ल असतं. सरबत आणि सॉसच्या प्रशिक्षणात आपल्याला टिकवण्यासाठी चिमूटभर सोडियम बेन्झोएट घालायला शिकवतात ना, त्याच कुळातली ही वस्तू. तिथल्या आज्यांना हे रसायनाचं नाव सांगायला कोणी आलं नव्हतं, पण फळ कसं ठेवायचं ते त्यांना ठाऊक होतं.

हिवाळा लागला की बाहेरची हवाच शीतकपाट होते. घरच्या बायका, शेजारणी एकत्र बसून ‘पेल्मेनी’ करतात, म्हणजे पिठाच्या पारीत खिम्याचं सारण भरलेल्या लहान करंज्या. शेकड्याने करायच्या, बाहेर गोठवायच्या आणि पोत्यात भरून ठेवायच्या. लागतील तशा काढून उकळत्या पाण्यात सोडायच्या. दिवाळीत आपण एकमेकींच्या घरी करंज्या लाटायला जातो, तसंच.

पुरुष शिकारी ऑक्टोबरच्या सुमारास जंगलात जातात. सेबल नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याची कातडी विकून त्यांचं घर चालतं. नव्या वर्षाला ते घरी येतात आणि पुन्हा जातात. या महिन्यांत सरपण, भट्टी, नदीच्या बर्फाला भोक पाडून आणलेलं पाणी, गाय असेल तर तिचं दूध आणि गवत, मुलांची शाळा, म्हातारी माणसं हे सगळं घरच्यांवर असतं. रशियाच्या खेड्यांत शाळेतली शिक्षिका, टपालाचं काम, दुकान, दवाखाना इथेही बहुधा बायकाच दिसतात. शिकारी जंगलात निर्धास्त राहतो, कारण मागे गाव चालू असतं.

दवाखाना म्हणजे एक छोटं आरोग्य केंद्र. तिथे असते ‘फेल्डशर’. ती नर्सपेक्षा जास्त आणि डॉक्टरपेक्षा कमी शिकलेली. मोठं दुखणं आलं तर हेलिकॉप्टर बोलवायचं. धुकं किंवा हिमवादळ असेल तर वाट पाहायची. म्हणून अशा गावांतल्या गरोदर बाईला दिवस भरण्याच्या आधीच तालुक्याच्या किंवा शहराच्या दवाखान्यात हलवतात. इथे आमची बैठक एकदम गप्प झाली. दोन पावसाळ्यांपूर्वी ओढ्याला पूर आला आणि आमच्या गटातल्या एकीच्या सुनेला त्याच रात्री कळा सुरू झाल्या. ट्रॅक्टरवर बसवून तिला पलीकडे नेलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण ती रात्र आम्ही कोणी विसरलेलो नाही. गडचिरोलीसारख्या भागात दवाखान्याजवळ ‘माहेरघर’ असतं. बाई आधीच येऊन तिथे राहते. सायबेरियात नदी गोठते, आपल्याकडे नदी चढते. दोन्हीकडे तारीख आधी मोजावी लागते.

या नदीकाठी रशियन लोकांच्या आधीपासून केत नावाचे लोक राहतात. ते शिकार आणि मासेमारी करत फिरत, उन्हाळ्यात छपराच्या नावांमध्येच संसार करत. सोव्हिएत काळात त्यांना एका जागी वसवलं आणि मुलांना दूरच्या निवासी शाळांत घातलं. तिथे शिकवणं रशियन भाषेत. मुलं शिकली, पण आजीशी बोलायची भाषा हरवली. २०१० च्या जनगणनेत केत लोक सुमारे बाराशे होते आणि त्यांची भाषा बोलणारे त्यांतले अगदी थोडे, बहुतेक वयस्कर. पाहुण्याने नदीकाठचं सुंदर लाकडी घर पाहताना ही गोष्टही लक्षात ठेवायला हवी.

आता पाहुणी म्हणून वागायचं कसं? दारात जोडे काढायचे, हे आपल्याला सांगायला नको. उंबऱ्यावरून हात मिळवायचा नाही, वस्तू द्यायची-घ्यायची नाही. आपल्यासारखाच तिथेही उंबऱ्याचा मान असतो. रिकाम्या हाताने जायचं नाही. चहा नेला तर उत्तम. सोव्हिएत काळात हत्तीचं चित्र असलेल्या पुड्यातला भारतीय चहा तिथे फार नावाजलेला होता. वयस्कर बाईला नुसत्या नावाने हाक मारायची नाही. नावापुढे वडिलांचं नाव जोडायचं. इवानची मुलगी मारिया असेल तर ‘मारिया इवानोव्हना’. आणि गंमत ऐका, लग्न झाल्यावर आडनाव बहुधा नवऱ्याचं लागतं, पण हे मधलं नाव जन्मभर वडिलांचंच राहतं. हे ऐकून आमच्यातल्या चौघींनी बचतीच्या पासबुकावरचं स्वतःचं नाव उघडून पाहिलं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या बेगमीवर बसायचं नाही. त्या घरातलं प्रत्येक पोतं पुढचं जहाज येईपर्यंत पुरवायचं असतं. बोटीने फिरवलं तर पेट्रोलचे पैसे स्वतःहून द्यायचे, कारण तिथे पेट्रोलही मोजून आलेलं असतं. आपला शिधा आणि औषधं आपण न्यायची, प्लास्टिक परत आणायचं. विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. आपल्या गावातही हल्ली पाहुणे येतात, चुलीचा आणि गोठ्याचा फोटो काढतात आणि “किती साधं जीवन!” म्हणून निघून जातात. त्या साधेपणामागे किती हिशेब असतो ते आपल्याला माहीत आहे. तोच मान आपण बाख्ताच्या घराला द्यायचा.

मावशींना आम्ही सांगितलं, “मावशी, बाया तिथंच होत्या. कॅमेरा शिकाऱ्याच्या मागे जंगलात गेला, त्या घरी बेगमी करत होत्या.” मावशी म्हणाल्या, “मग आपली बेगमी बी लिवून काढा.”

म्हणून पुढच्या बैठकीसाठी आम्ही एक काम ठरवलं आहे, तुमच्या गटातही करून पाहा. वहीचं एक पान घ्या. पावसाळ्यात आपला रस्ता साधारण कोणत्या दिवसांत बंद होतो ते लिहा. त्या दिवसांत गावात कोणाचे दिवस भरतात, कोणाला रोजची गोळी लागते, कोण म्हातारं एकटं आहे, ट्रॅक्टर कोणाकडे आहे आणि आशाताईंचा नंबर काय, तेही लिहा. हे पान बचतीच्या वहीत पहिलं लावा.