चौघांची लाट

जपानी चित्रकार होकुसाईच्या 'कानागावाच्या महालाटे'चं मूळ रेखाटन आज जगात कुठेही नाही. छापण्याच्या कामातच ते संपलं. पातळ कागदावरचं चित्र रानचेरीच्या फळीवर पालथं चिकटवायचं आणि त्या कागदासकट लाकूड कोरायचं, ही एदो शहराची, म्हणजे आजच्या टोकियोची, रीत होती. आपण पाहतो ती लाट ठशावरून उतरलेली आहे, आणि ठसा चित्रकाराने कोरलेला नाही.

'उकियो-ए' नावाने ओळखल्या जाणाऱ्या या छापचित्रांमागे चौघे असत: पैसा लावणारा प्रकाशक, चित्रकार, ठसे कोरणारा आणि छापणारा. 1765च्या सुमारास सुझुकी हारुनोबूच्या चित्रांपासून बहुरंगी छपाई रुळली. बहुतेक प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा लागे. रंग एकमेकांवर चढू नयेत म्हणून ठशाच्या कोपऱ्यात एक काटकोनी आणि कडेला एक सरळ खाच ठेवलेली असे. ओलसर कागद त्या खाचांना टेकवून ठशावर सोडायचा आणि बांबूच्या पातीत बांधलेल्या 'बारेन' या चकतीने पाठीमागून घोटायचा. आकाशाची विरत जाणारी छटा हवी असेल, तर छापणारा दर कागदाआधी ठशावरचा रंग हाताने विरळ करत नेई. यंत्र कुठेच नव्हतं.

महालाट 1831च्या सुमारास प्रकाशक निशिमुराया योहाचीने बाजारात आणली. तेव्हा होकुसाई सत्तरीत होता. लाट ज्या मालेतली, त्या 'फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये'मध्ये परदेशी व्यापारातून आलेला प्रशियन निळा रंग मनमुराद वापरला गेला. ही माला इतकी खपली, की आणखी दहा चित्रं काढावी लागली. ठसे झिजेपर्यंत छपाई चालू राहिली. महालाटेच्या उशिराच्या प्रतींत शीर्षकाच्या चौकटीची रेघ तुटलेली दिसते. खपाची खूण चित्रावरच उमटली आहे.

ही कला बाजारासाठीच जन्मली. काबुकी नाटकांचे नट, मल्ल, भुतंखेतं, प्रवासाची ठिकाणं असं जे लोकांना हवं, ते छापलं जाई. 1827च्या सुमारास कुनियोशी या चित्रकाराने एका चिनी कादंबरीतले बंडखोर वीर अंगभर गोंदवलेले दाखवले आणि एदोतल्या अग्निशामकांनी, मजुरांनी तशीच चित्रं पाठीवर गोंदवून घेतली. जपानी टॅटूची आजची चित्रभाषा तिथूनच घडली. 1842च्या सुमारास सरकारने नटांच्या चित्रांवर बंदी घातली, तेव्हा कुनियोशीने मांजरांना नटांचे चेहरे दिले. त्याच्याच एका चित्रातला महाकाय सांगाडा पुढे मांगाकार मिझुकी शिगेरूच्या भूतविश्वात उतरला. मिझुकीने तोरियामा सेकिएनच्या 1776च्या भूतकोशाचाही मनसोक्त आधार घेतला आणि आजच्या मांगा, अ‍ॅनिमे, गेमांपर्यंत ती भुतं नांदती ठेवली.

युरोपात व्हॅन गॉगने 1887मध्ये उकियो-ए चित्रकार हिरोशिगेची दोन छापचित्रं तैलरंगात उतरवली. 1905मध्ये संगीतकार देब्युसीच्या 'ला मेर'च्या स्वरलिपीच्या मुखपृष्ठावर लाट आली. 'डीमन स्लेयर' या अ‍ॅनिमेमधला तान्जिरो तलवार फिरवतो, तेव्हा पाण्याला येणारी जाड बाह्यरेषा आणि नख्यांसारखा फेस याच घराण्यातला आहे. जुलै 2024पासून जपानच्या हजार येनच्या नोटेमागेही हीच लाट आहे.

इतक्या हातांतून जाऊनही ती टिकली, याचं मोठं श्रेय कोरणाऱ्याला आहे. ठशासाठी आखलेली रेघ ठळक, बंदिस्त आणि पुन्हा पुन्हा छापता येण्याजोगी असावी लागते. म्हणूनच ती टी-शर्टावर, पडद्यावर, कातडीवर कुठेही बिघडत नाही. होकुसाईला याची पुरती जाण होती. एगावा तोमेकिची या कोरणाऱ्यालाच काम द्यावं, असा आग्रह त्याने प्रकाशकाला पत्रातून केला होता. त्याच्या 'फुजीची शंभर दृश्ये' या पुस्तकात तोमेकिचीचं नाव छापलेलंही आहे. महालाटेवर मात्र सही एकट्या होकुसाईची. अ‍ॅनिमेच्या शेवटी रंग भरणाऱ्यांचीही नावं झळकतात. संग्रहालयांनीही होकुसाईच्या नावाखाली 'कोरणारा: अज्ञात, छापणारा: अज्ञात' एवढं तरी लिहावं. ज्यांची नावं गेली, त्यांचं काम तरी नोंदलं जाईल.